फ्लेचर हेंडरसनचा वाद्यवृंद

नृत्यगृहातील संगीत पायांसाठी असते, कानांसाठी नसते, अशी एक समजूत आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेतही ती होतीच. जोडप्यांना ठेका मिळाला की वृंदाचे काम झाले. या वृंदांना ऐकण्याजोगे रूप ज्यांनी दिले, त्यांत फ्लेचर हेंडरसनचे नाव फार वरचे; आणि तरीही जाझच्या शौकिनांखेरीज ते कोणाला ठाऊक नसते.

जॉर्जिया राज्यातील कथबर्ट गावी १८९७ साली एका सुशिक्षित कृष्णवर्णीय घरात तो जन्मला. रसायनशास्त्र व गणित घेऊन पदवीधर झाला आणि १९२० साली न्यूयॉर्कला आला. पण कृष्णवर्णीय रसायनज्ञाला तेथे वाव तो किती! पोटासाठी त्याने एका संगीतप्रकाशकाकडे गिऱ्हाइकांना पियानोवर नवी गाणी वाजवून दाखविण्याचे काम पत्करले. १९२४ मध्ये त्याचा वृंद ब्रॉडवेवरील रोझलँड नृत्यगृहात स्थिरावला. व्यासपीठावर कृष्णवर्णीय वादक, नाचायला मात्र गोऱ्यांनाच मुभा, अशी तेथील रीत होती. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग शिकागोहून येऊन मिळाला. तो राहिला जेमतेम वर्षभर; पण त्याच्या ट्रंपेटमधला लयीचा डौल साऱ्या वृंदात भिनला.

खरी कामगिरी कागदावरची. डॉन रेडमन या सहकाऱ्याने, आणि पुढे स्वतः हेंडरसनने, वृंदाची फोड केली : ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा एक गट, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटचा दुसरा. एकाने वाक्य टाकायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. तमाशाच्या फडावरचे सवालजबाब ऐकलेल्या श्रोत्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. मध्येच लिहिलेले थांबते, एक वादक उत्स्फूर्त वाजवू लागतो आणि त्याच्या पाठीशी दुसरा गट एखादा छोटा स्वरसमूह घोळवत राहतो.

व्यवहारात मात्र हेंडरसन मवाळ. १९२८ च्या मोटार अपघातानंतर त्याची उमेद ओसरली, असे त्याच्या पत्नीने सांगितले आहे. १९३४ मध्ये वृंद मोडला. नेमक्या त्याच वेळी बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाला नभोवाणीवर साप्ताहिक कार्यक्रम मिळाला, आणि त्यासाठी त्याने हेंडरसनच्या संहिता विकत घेतल्या. न्यूयॉर्कमध्ये रात्री उशिरा होणारे ते प्रक्षेपण पश्चिम किनाऱ्यावर तीन तास आधीच्या वेळेला, म्हणजे तरुण मंडळी जागी असताना, पोचत असे. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात गुडमनचे जे स्वागत झाले, त्याचे एक कारण हे. तो ‘स्विंगचा राजा’ ठरला.

मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची, हे कचेरीत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना नवे नाही. पण मसुदा लिहिणाऱ्याला कधीतरी त्या खुर्चीत बसण्याची आशा असते. नभोवाणीवरचे पुरस्कृत कार्यक्रम तेव्हा सहसा गोऱ्या वृंदांच्याच वाट्याला येत. गुडमनने हेंडरसनचे ऋण लपविले नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदले पाहिजे. १९३९ साली त्याने हेंडरसनला पियानोवादक म्हणून आपल्या वृंदातही घेतले.

१९३६ साली शिकागोत नव्या वृंदासह थोडे यश लाभले. १९५० अखेर पक्षाघाताचा झटका आला आणि २९ डिसेंबर १९५२ रोजी हेंडरसन वारला. १९६१ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला; त्याचे नाव ‘वैफल्याचा एक अभ्यास’ अशा अर्थाचे. मला ते पटत नाही. ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही जेली रोल मॉर्टनची रचना हेंडरसनने १९२८ साली मुद्रित केली, गुडमनने १९३५ साली. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. गुडमनची अधिक घोटीव आहे. हेंडरसनच्या मुद्रिकेत एकेका वादकाला मोकळे रान अधिक आहे.