न उघडलेले पाकीट

आपल्याकडे कुणी ‘गृहकर्ज फोरक्लोज केले’ म्हणाले, तर ती पेढे वाटण्याची बातमी असते. मुदतीआधी सगळे कर्ज फिटले, घराची मूळ कागदपत्रे बँकेतून परत आली. अमेरिकेत हाच शब्द नेमक्या उलट अर्थाने वावरतो. तिथे फोरक्लोजर म्हणजे हप्ते थकले, तारण असलेल्या घरावर कारवाई सुरू झाली आणि शेवटी त्याचा लिलाव झाला. २००७ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या लाखो कुटुंबांनी या शब्दापायी आपले घर सोडले.

ही वेळ येऊ नये म्हणून झटणाऱ्या ना-नफा संस्था अमेरिकेच्या अनेक शहरांत आहेत. त्यांचे सल्लागार कुटुंबाचा जमाखर्च मांडून बसतात, कर्जाच्या पुनर्रचनेचा अर्ज भरून देतात, बँकेकडे पाठपुरावा करतात. त्यांचे काम डोळ्यांना दिसते. त्यामागे एक कमी दिसणारे पद असते, धोरण आणि जनसंपर्क या दोन्हींच्या प्रमुखाचे. एरवी आमदारांना भेटणारा माणूस वेगळा आणि पत्रके काढणारा वेगळा. इथे मात्र ही दोन्ही कामे अनेकदा एकाच व्यक्तीकडे असतात. असे का, हे समजायचे तर आधी हप्ते थकलेल्या घरात डोकवावे लागते.

नोकरी जाते, आजारपण निघते, घटस्फोट होतो. दोन हप्ते चुकतात. मग बँकेची पाकिटे येऊ लागतात आणि माणूस ती खणात टाकत जातो. आत काय असेल याचा अंदाज असतो, म्हणूनच ती उघडवत नाहीत. फोन वाजला तरी उचलवत नाही. फ्रेडी मॅक या गृहकर्ज क्षेत्रातल्या मोठ्या संस्थेने २००७ मध्ये केलेल्या पाहणीत हप्ते थकलेल्या कर्जदारांपैकी ५७ टक्के लोकांना एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती: अशा वेळी बँकेकडे लिलावाखेरीज दुसरे मार्गही असू शकतात. त्या मार्गांची माहिती कित्येकदा त्याच बंद पाकिटात पडून असायची.

एक पाकीट मात्र हमखास उघडले जायचे. फोरक्लोजरची कारवाई सरकारदफ्तरी नोंदली जाते आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. त्यावरून पत्ते काढून ‘तुमचे घर आम्ही वाचवतो, आधी एवढी फी भरा’ अशी पत्रे धाडणाऱ्या टोळ्या त्या काळात फोफावल्या. बँकेच्या पाकिटात धमकी असणार, या पाकिटात दिलासा! बुडत्या माणसाने कोणते उघडावे? लोकांनी शेवटची शिल्लक अशांच्या हवाली केली. अखेर २०१० मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने नियम काढून ही आगाऊ फी बंद केली. पण नियम झाला हे त्या घरापर्यंत पोहोचवायला पुन्हा कुणीतरी लागतेच. जनसंपर्क प्रमुखाची खरी झुंज या दुसऱ्या पाकिटाशी असते. आपले पत्र सरकारी दिसले तर माणूस घाबरतो आणि फार गोड दिसले तर ते ठगांच्या पत्रासारखे वाटते.

या कामात एक आकडा चुकला तरी किती महागात पडते, ते ६ डिसेंबर २००७ रोजी साऱ्या देशाने पाहिले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अडचणीतल्या घरमालकांसाठी मदतवाहिनीचा क्रमांक जाहीर केला. खरा क्रमांक ८८८ ने सुरू होत होता. बुश ८०० म्हणाले. किती दिवसांनी धीर एकवटून फोन उचललेल्या माणसाला पलीकडे भलतीच, टेक्सासमधली घरच्या घरी ख्रिस्ती शिक्षण देण्यासाठी मदत करणारी संस्था भेटली. व्हाइट हाउसने दुरुस्ती केली खरी. पण असा माणूस दुसऱ्यांदा फोन करेलच, याची खात्री कोण देणार?

मदतवाहिनीवर येणारे फोन हे नुसते फोन नसतात. एकच तक्रार दहा घरांतून आली की ती तक्रार राहत नाही, पुरावा होते. कॅलिफोर्नियात हेच घडले. पुनर्रचनेचा अर्ज बँकेच्या एका विभागात विचाराधीन असताना त्याच बँकेचा दुसरा विभाग लिलावाची तारीख काढायचा. ‘थांबा, तुमचा अर्ज तपासतोय’ असे ऐकलेल्या माणसाचे घर प्रत्यक्षात विकले जायचे. कॅलिफोर्निया रीइन्व्हेस्टमेंट कोअॅलिशन या संस्थेने राज्यभरातल्या गृहसल्लागारांना वर्षानुवर्षे प्रश्नावल्या पाठवून अशा अनुभवांच्या नोंदी गोळा केल्या आणि अहवाल प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये राज्याने घरमालकांच्या हक्कांचा कायदा केला. १ जानेवारी २०१३ पासून हा दुहेरी कारभार तिथे बेकायदा ठरला. पुढे जानेवारी २०१४ पासून देशभर नियम आला की, कर्ज १२० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय बँकेने फोरक्लोजरचे पहिले पाऊल टाकायचे नाही.

आमदारांना आकडे लागतात, वार्ताहरांना माणसे लागतात. दोन्ही याच फोनांतून मिळतात, म्हणून धोरण आणि जनसंपर्क एकाच व्यक्तीकडे येतात. पण माणसे मिळवणे सोपे नसते. आपले घर जाते आहे हे कॅमेऱ्यासमोर सांगायला कोण आनंदाने तयार होईल? गल्लीत, चर्चमध्ये, मुलांच्या शाळेत तोंड दाखवायचे असते. अशा कुटुंबाला बोलते करायचे, पण तमाशा होऊ द्यायचा नाही, आणि त्याने ऐनवेळी नकार दिला तर तो मुकाट्याने मानायचा, हा या पदाचा सर्वांत अवघड भाग म्हणायला हवा.

लोकांना कळवणे म्हणजे कागद छापणे, अशी समजूत आपल्याकडेही आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे बँकेने घराचा ताबा घेतल्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. मराठी दैनिकांत त्या चौकटी रोज दिसतात. त्यांतला बारीक टाइप आणि कायद्याची मराठी पाहता, ज्याच्यासाठी ती छापली तोच ती समजून घेऊ शकेल का, अशी शंका येते.

फिलाडेल्फियाने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. २००८ च्या मार्चमध्ये तिथल्या नगर परिषदेने लिलाव थांबवण्याची मागणी करणारा ठराव केला आणि शेरीफ जॉन ग्रीन यांनी एप्रिलचा लिलाव रद्द केला. मग न्यायाधीश ॲनेट रिझो यांच्या पुढाकाराने न्यायालयाने योजना आखली. मालक स्वतः राहत असलेले घर सलोख्याची बैठक झाल्याशिवाय लिलावाला काढायचे नाही. सिटी हॉलच्या ६७६ क्रमांकाच्या कक्षात एकीकडे घरमालक आणि त्याचा सल्लागार, दुसरीकडे बँकेचा वकील, आणि तडजोडीला मदत करणारे स्वयंसेवक वकील, अशा बैठका सुरू झाल्या. ज्या बँकेचा माणूस फोनवर सापडत नव्हता, तिच्या वतीने आता कुणीतरी टेबलापलीकडे बसले होते.

पण बैठकीला माणूस यायला तर हवा. म्हणून वस्त्यांमधल्या संस्थांचे कार्यकर्ते दारोदार फिरले. आणि न्यायालयाच्या ज्या आदेशात बैठकीची तारीख असते, त्याच आदेशात मदतवाहिनीला फोन करा, असेही घरमालकाला सांगितलेले असते. दाव्याच्या कागदांसोबत तो घरी पोहोचतो, त्याच भीतीच्या पाकिटातून. दार वाजवणाऱ्या कार्यकर्त्याला मग एवढेच सांगायचे असते की, पाकीट फोडा, आत एक फोन नंबर आहे.