सोलापूरच्या सावलीत होस्टाच्या जागी

होस्टा ही जपान, कोरिया आणि चीनमधल्या ओलसर डोंगररानांतली वनस्पती. जमिनीलगत गुच्छाने येणारी रुंद, ठळक शिरांची पाने हेच तिचे वैभव. निळसर, पोपटी, पांढऱ्या काठाच्या अशा तिच्या हजारो जाती थंड देशांत मिळतात. न्यू जर्सीकडच्या अंगणांत तर ती इतकी सर्रास असते, की तिकडे मुलांकडे राहून आलेल्या आईवडिलांना ती सोलापुरातही हवीशी वाटते. मात्र इथे ती टिकत नाही, आणि त्यामागे निगा कमी पडणे हे कारण नाही.

होस्टा हिवाळ्यात पाने टाकून जमिनीखाली झोपते. ही झोप पुरी होण्यासाठी तिच्या खोडाला महिना-दीड महिना साधारण ५ अंश सेल्सियसखालचा गारवा लागतो. सोलापुरात जानेवारीच्या पहाटेही पारा १० अंशांखाली क्वचितच उतरतो. त्यामुळे आणलेले रोप पहिल्या वर्षी पाने काढते, दुसऱ्या वर्षी ती लहान होतात आणि पुढे कंद कुजतो. कंद फ्रिजमध्ये ठेवून ही झोप घडवता येते, पण पुढचा मे कसा काढणार? शिमला-श्रीनगरकडे होस्टा जमेल. महाबळेश्वरची थंडीही तिला अपुरीच.

तेव्हा सोलापुरात शोध घ्यायचा तो उन्हाळ्यात किंवा कोरड्या दिवसांत झोपणाऱ्या रुंदपानी झाडांचा. या कामाला भुईचाफ्याइतके चपखल दुसरे काही नाही. हळदीच्या कुळातले हे झाड थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जमिनीखाली गडप असते. चैत्र-वैशाखात पानांचा पत्ता नसताना थेट मातीतून जांभळट-पांढरी सुवासिक फुले येतात आणि पावसाच्या तोंडावर पाने वर येतात. वरून रुपेरी-हिरवी नक्षी, खालून जांभळट झाक अशी ही पाने पाहिल्यावर होस्टाची उणीव भासत नाही. कंद बोटभर खोल लावावेत. कार्तिकानंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी बंद करावे. ‘झाड मेले’ समजून कुंडी उपसण्याची घाई करू नये.

कॅलेडियमचेही चक्र असेच असते. गुलाबी, पांढरी, लाल शिरांची त्याची पाने अळवाच्या आकाराची, पण कागदासारखी पातळ असतात. सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात ती फाटतात आणि कडेने करपतात, म्हणून त्याला भिंतीचा आडोसा हवा. पांढऱ्या फुलांची युकॅरिस लिली मात्र झोपत नाही. तिची गडद, चकचकीत पाने होस्टाच्या सर्वांत जवळची. ती कुंडीत दाटीने वाढली की अधिक फुलते. वारंवार कुंडी बदलणाऱ्यांना ती फुले देत नाही.

ज्यांना पाण्याची रोज हमी नाही त्यांनी स्नेक प्लांट निवडावा. त्याची पर्णरंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उष्म्यात पाणी उडत नाही. गंमत म्हणजे होस्टा, स्नेक प्लांट आणि आपली शतावरी ही तिन्ही एकाच कुळातली. मनी प्लांट आणि सिंगोनियम जमिनीवर पसरवले तर झाडाखालची उघडी माती झाकतात. फर्न मात्र इथे माळरानावर मासा पाळण्यासारखे आहे. हौस असेल तर मोरीजवळच्या सततच्या ओलीत ठेवावे.

सावलीचेही प्रकार ओळखावे लागतात. कडुनिंबाखाली कवडसे पडतात, ही सावली बहुतेक झाडांना मानवते. पण निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ करतो, गुलमोहोरही उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडा पडतो, आणि ऊन तापायला लागते ते नेमके याच वेळी. तेवढे आठवडे कुंड्या हलवाव्यात किंवा वर हिरवी जाळी बांधावी. चिंचेची सावली त्यापेक्षा भरवशाची. उत्तरेकडची भिंत वर्षभर सावलीत असते हा समज चुकीचा आहे. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. या काळात उत्तरेच्या भिंतीलगतही ऊन येते. जूनमध्ये पावसाने दडी मारली तर तिथली पाने भाजतात आणि मालकाला कारण कळत नाही.

इथल्या काळ्या मातीत पाणी साचते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात, म्हणून कुंडीत ती एकटी भरू नये. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा भाग जाड वाळू, असे मिश्रण बरे. ही माती चुनखडीची असते, त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले की कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. झाडाला लोह मिळत नसल्याची ही खूण आहे. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी पिंपात साठवून ते नाजूक झाडांना राखून ठेवावे. वर्षातून दोन-तीनदा कुंडीत भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत.

ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात आच्छादनासाठी पाचटासारखी सोपी वस्तू नाही. त्याचा दोन-तीन बोटे जाड थर मातीवर पसरला की ओल टिकते आणि मुळे तापत नाहीत. निंबाची मुळे सगळे पाणी ओढून घेतात, म्हणून त्याच्या बुंध्याशी थेट लागवड करण्यापेक्षा मातीच्या कुंड्या अर्ध्या पुरून ठेवाव्यात. पाणी सकाळी द्यावे. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर त्यांच्यातली हवा थोडी दमट राहते.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी होतो आणि पाने धुरकट दिसू लागतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारणे हा पहिला उपाय. पिठ्या ढेकणावर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. पावसाळ्यात गोगलगायी रात्री हाताने वेचणेच खात्रीचे. कॅलेडियम, मनी प्लांट आणि सिंगोनियम यांच्या पानांत अळवातल्यासारखेच घशाला खाजवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. घरात रांगते मूल किंवा पाळीव जनावर असेल तर ही झाडे उंच कट्ट्यावर ठेवावीत.