सांसर्गिक गर्भपात, कुत्र्यांतील

ब्रूसेला कॅनिस या सूक्ष्मजंतूमुळे कुत्र्यांना होणारा, मुख्यतः जननेंद्रियांचा रोग. एशेरिकिया कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस, साल्मोनेला इ. जंतूंमुळेही कुत्रीचा गर्भपात होऊ शकतो. तथापि एकाच ठिकाणच्या अनेक माद्यांचा लागोपाठ गर्भपात झाल्यास प्रथम या रोगाचा संशय घेतला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बीगल कुत्र्यांच्या पैदास केंद्रांत उद्‌भवलेल्या साथींचा अभ्यास करताना कॉर्नेल विद्यापीठातील लीलँड कारमायकेल यांनी १९६६ मध्ये हा जंतू अलग केला.

रोगप्रसार : गर्भपातानंतरचा योनिस्राव, वार आणि मृत पिले यांत हे जंतू विपुल असतात. ते चाटल्याने अथवा हुंगल्याने, तसेच समागमातून संसर्ग होतो. रोगी नराच्या वीर्यातून व मूत्रातूनही जंतू बाहेर पडतात.

लक्षणे : कुत्रीचा गर्भावधी सु. ६३ दिवसांचा असून गर्भपात बहुधा ४५ ते ५९ दिवसांच्या दरम्यान होतो. त्यानंतर १ ते ६ आठवडे तपकिरी वा हिरवट करडा स्राव वाहतो. एरव्ही मादीला सहसा ताप नसतो व ती निरोगी दिसते; हेच या रोगाचे खरे धोक्याचे लक्षण होय. नरांत अधिवृषणाचा शोथ (दाहयुक्त सूज) होतो, पुढे वृषण आकसतात व वंध्यत्व येते.

निदान : या जंतूचे पृष्ठभागीय प्रतिजन गुरांत गर्भपात घडविणाऱ्या ब्रूसेला अबॉर्टसहून भिन्न असल्याने गुरांसाठीच्या नेहमीच्या रक्तपरीक्षेत तो ओळखता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र समूहन परीक्षा करतात. रक्तातून जंतूंचे संवर्धन झाल्यास निदान निश्चित होते. परंतु जंतू रक्तात सतत नसल्याने एकदा न आढळणे हा रोगमुक्ततेचा पुरावा ठरत नाही.

उपचार व नियंत्रण : जंतू कोशिकांच्या आत राहत असल्याने टेट्रासायक्लीन व स्ट्रेप्टोमायसीन संयुक्तपणे देऊनही रोग पुन्हा उलटतो. प्रतिबंधक लस उपलब्ध नाही. म्हणून नवे जनावर अलग ठेवून किमान एका महिन्याच्या अंतराने दोनदा तपासणे, बाधित जनावरे पैदाशीतून काढून टाकणे व जागा जंतुनाशकाने धुणे, हेच उपाय उरतात.

हा रोग माणसालाही होतो. वारंवार येणारा ताप, थकवा व सांधेदुखी ही त्याची लक्षणे असून गुरांसाठीच्या प्रतिजनाने केलेल्या परीक्षेत तोही लक्षात येत नाही. त्यामुळे गर्भपात झालेल्या कुत्रीची शुश्रूषा करणाऱ्याने हातमोजे वापरावेत आणि आजारी पडल्यास त्या संपर्काची माहिती वैद्याला द्यावी.