पाण्याचा तास वर्गाबाहेर

नववीच्या दप्तरात २०२० पासून ‘जलसुरक्षा’ हे पुस्तक आहे. पुढच्या वर्षी ते दहावीतही आलं. बालभारतीने त्यात उपक्रम दिले आहेत. पण विषय श्रेणीचा, म्हणून त्याचा तास अनेकदा गणिताला जातो आणि प्रकल्पवही घरी बसून भरली जाते. नागपुरात तरी असं होऊ नये. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर हे तलाव आणि शहराला नाव देणारी नाग नदी, एवढं साहित्य इथे हाताशी आहे.

१८ सप्टेंबर हा जागतिक जलपरीक्षण दिन म्हणून पाळला जातो. साध्या संचाने पाण्याचं तापमान, सामू, गढूळपणा आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन तपासायचा, हे त्याचं स्वरूप. नागपुरात ‘ग्रीन व्हिजिल’ ही संस्था गणेश विसर्जनाच्या आधी आणि नंतर तलावांचं पाणी असं तपासत आली आहे. ऑक्सिजनसाठी छोटी कुपी पाण्याखालीच भरून झाकायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा चुकतो. संचातल्या गोळ्या टाकून कुपी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग तक्त्याशी ताडायचा. गढूळपणासाठी काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथे दोरीला गाठ मारायची. विसर्जनाआधीची गाठ कुठे होती आणि नंतरची कुठे आली, हे मुलांनी स्वतः पाहिलं की वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. मात्र मुलांना काठावरच ठेवा. नाग नदीत सांडपाणी आहे, तिथे हातमोजे हवेतच.

शाळेची गच्चीही प्रयोगशाळाच आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नागपूरचा वर्षाचा पाऊस सुमारे ११०० मिलिमीटर धरला, तर ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेपाच लाख लिटर पडतं. वाया जाणारं सोडलं तरी चार लाख हाती लागावं. मग मुलांनी पन्हाळीचा माग काढावा: गटार, नाला, नाग, शेवटी कन्हान. आणि नळाला पाणी कुठून? बरंचसं पेंचहून. दारातलं वाहून जाऊ द्यायचं आणि दूरचं आणायचं, हा हिशेब मुलांनी स्वतः मांडला पाहिजे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत घरोघरी पाणी शिरलं. टंचाई आणि पूर दोन्ही याच पावसाच्या गोष्टी आहेत. पाणी जमिनीत किती मुरतं हे पाहायला दोन्ही तोंडं कापलेला डबा मातीत ठोकून त्यात लिटरभर पाणी ओता आणि ते मुरायला लागणारा वेळ मोजा. आपली काळी माती भिजून फुगली की पाणी सावकाश घेते. सिमेंटचा रस्ता घेतच नाही.

हे शिक्षण आपल्याला परकं नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी कामातून शिकण्याचा आग्रह धरला, तो नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर.

मुख्याध्यापकांना विनंती आहे. जून ते सप्टेंबर जलसुरक्षेचा तास वर्गाबाहेर घ्या. पर्जन्यमापक बसवा, हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या आणि आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लिहा. पालकांनाही तो दिसू द्या.