सूर्य जवळ, तरी थंडी

पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, ही समजूत शाळकरी मुलांइतकीच मोठ्या माणसांतही पक्की बसलेली आहे. तिच्यामागे तर्क आहे, हे आधी मान्य करायला हवं. विस्तवाजवळ सरकलं की धग वाढते, मग सूर्याचंही तसंच असणार. त्यात पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते, त्यामुळे जवळचं आणि लांबचं टोक डोळ्यांत भरतं. प्रत्यक्षात ही कक्षा कागदावर एक मीटर लांब काढली, तर तिची रुंदी लांबीपेक्षा जेमतेम एक-सप्तमांश मिलिमीटरने कमी भरेल. डोळ्याला ते वर्तुळच दिसेल. फक्त सूर्य त्याच्या मध्यापासून आठ-साडेआठ मिलिमीटर बाजूला असेल. या सरकलेपणामुळे अंतर बदलतं खरं, पण ते समजुतीच्या अगदी उलट. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. आपल्याकडे शेकोट्या पेटतात, तेव्हाच सूर्य सर्वांत जवळ असतो.

हे कुणी सांगितलं म्हणून मानायचं कारण नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरमधूनही ते काढता येतं. २०२५ साली विषुवदिन २० मार्च आणि २२ सप्टेंबर या दिवशी आले. मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस मोजले तर १८६ भरतात. सप्टेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत मात्र १७९च. दोन्ही वेळा पृथ्वीने सूर्याभोवती अर्धीच फेरी मारलेली असते, मग हिवाळ्याकडची अर्धी फेरी सात दिवस आधी कशी संपते? ग्रह सूर्याच्या जवळ असताना वेगाने धावतो आणि लांब असताना मंदावतो, हा नियम केप्लरने १६०९ साली प्रसिद्ध केला. त्या नियमाने पाहिलं की जवळची बाजू कोणती, हे हे सात दिवसच सांगतात.

मग ऋतू होतात कशामुळे? त्याचं उत्तर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या, दौंड तालुक्यातल्या भांडगावात एक काठी उभी रोवली तरी मिळतं. काठी एक मीटर उंच आणि अगदी सरळ हवी. हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेअठरा अंशांवर आहे. सावली दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे, म्हणजे परिवलनामुळे. दिवसातली सर्वांत आखूड सावली पाहायची. ती घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या आसपास पडते, कारण आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ दाखवतात आणि सूर्याला तिथून भांडगावच्या माथ्यावर यायला अर्धा तास लागतो. ही मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे ९० सेंटिमीटर लांब असते. मग ती आखडत जाते आणि मेच्या मध्याला नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस. पुढे ती चक्क दक्षिणेकडे पडू लागते. २१ जूनला दक्षिणेकडे आठ-नऊ सेंटिमीटर सावली दिसते आणि जुलैच्या अखेरीस ती पुन्हा नाहीशी होते. वर्षभराचा हा हेलकावा परिवलनातून येत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि त्या कलासकट ती सूर्याभोवती फिरते, म्हणून तो येतो.

लांब सावली म्हणजे तिरपं ऊन, आणि तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं. जानेवारीच्या सुरुवातीला भांडगावात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवरच असतो. माथ्यावरून येणाऱ्या उन्हाच्या मानाने तेवढ्याच जमिनीला तेव्हा पाव हिस्सा ऊन कमी मिळतं. शिवाय दिवस अकरा तासांचा असतो, मेच्या मध्याला तो तेरा तासांचा होतो. जवळ असण्याने जानेवारीत जुलैपेक्षा ७ टक्के सूर्यप्रकाश जास्त येतो, पण या दोन तोट्यांपुढे तो टिकत नाही. आणखी पुरावा हवा असेल तर क्रिकेट आहे. २६ डिसेंबरला मेलबर्नची कसोटी सुरू होते, तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो आणि इथे आपण स्वेटर घालून सामना बघतो. अंतरामुळे ऋतू होत असते, तर दोन्हीकडे उन्हाळा एकाच वेळी आला असता.

यावर एक रास्त शंका निघते. सूर्य माथ्यावर आल्यानेच उष्णता वाढत असेल, तर जुलैअखेरीस, सूर्य दुसऱ्यांदा माथ्यावर येतो तेव्हा, वैशाख वणवा पुन्हा का पेटत नाही? उत्तर आकाशात आहे. जूनमध्ये मोसमी पाऊस येतो, ढग ऊन अडवतात आणि जमिनीपर्यंत पोचलेल्या उन्हातलं बरंचसं ओल वाळवण्यात खर्ची पडतं. दौंडकडे पाऊस बेताचाच, पण ढगांची सावली असतेच. जुलैचा शून्य सावली दिवस बहुतेक वेळा दिसतच नाही, तोही त्यामुळेच. म्हणजे ऊन किती येणार ते आसाचा कल ठरवतो आणि त्यातलं किती जमिनीला तापवणार हे हवा ठरवते.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. कल समजल्यावर अनेक मुलं म्हणतात की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याकडे वाकते आणि हिवाळ्यात मागे झुकते. तसं असतं तर ध्रुवतारा वर्षभरात जागा सोडून हलला असता. भांडगावातून तो उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोडा खाली. तो डिसेंबरात तिथेच असतो आणि मेमध्येही तिथेच. आस वाकत नाही, त्याची दिशा तीच राहते. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, एवढाच काय तो बदल.

मात्र ‘तीच’ हा शब्द एका वर्षापुरता किंवा माणसाच्या आयुष्यापुरता खरा आहे. आसाची दिशा फार सावकाश फिरते, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. आपल्या घराघरांतली एक समजूत याच गतीमुळे मागे राहिली आहे. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. मकर संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते, म्हणून दर ७२ वर्षांनी ती ऋतूंपासून सुमारे एक दिवस सरकते. आज हे अंतर २४ दिवसांचं आहे, म्हणजे साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत असत. तेव्हा परंपरा चुकीची नव्हती, आकाश पुढे सरकलं. लोकांच्या अनुभवालाही यात आधार आहे. दिवस डिसेंबरअखेरीपासून संध्याकाळच्या बाजूने वाढत असतो, पण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. त्यामुळे सकाळ लवकर होऊ लागली, हे जाणवतं ते संक्रांत उलटल्यावरच.

मग अंतराला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती प्रत्येक ग्रहाची वेगळी मोजावी लागते. गुरूचा आस जेमतेम ३ अंश कललेला असल्याने त्याच्या बारा वर्षांच्या फेरीत ऋतू जवळजवळ जाणवतच नाहीत. युरेनस ९८ अंश कललेला, जवळपास आडवाच, त्यामुळे त्याच्या ध्रुवांना सलग काही दशकं उजेड आणि मग तितकाच काळ अंधार. मंगळाचा कल २५ अंश, आपल्यासारखाच, पण त्याची कक्षा बरीच जास्त लंबवर्तुळाकार. सूर्याजवळ असताना त्याला लांब असतानापेक्षा ४५ टक्के जास्त ऊन मिळतं, आणि त्या सुमारासच त्याच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. तिथे अंतर आणि कल एकाच बाजूला जोर लावतात. दक्षिणेचा उन्हाळा त्यामुळे कडक आणि छोटा, उत्तरेचा सौम्य आणि लांबलेला. मंगळाला वेढून टाकणारी मोठी धुळीची वादळंही बहुधा दक्षिणेच्या वसंतात आणि उन्हाळ्यातच उठतात.