झळ नराला, बोल मादीला

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, बालाघाटाच्या रांगेत वसलेलं खर्डा 1795 च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ते जामखेड तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं, ज्वारी-तुरीचं गाव. अशा गावांत जोडधंदा म्हणून ससेपालनाचं नाव निघालं की हिशोब चटकन मांडला जातो: जागा थोडी, चारा थोडा, पाणी थोडं, गाभणकाळ अवघा 31 दिवसांचा आणि एका वेतात सहा-सात पिल्लं. यातला एकही आकडा खोटा नाही, तरीही मे ते ऑगस्ट या काळात हा हिशोब कोलमडतो. माद्या उलटतात, व्यायल्या तर दोन-तीन पिल्लांवर थांबतात आणि मग बोल लागतो तो मादीला. मादी वांझ निघाली, विकणाऱ्यानं खराब माल गळ्यात मारला, खुराक गरम पडला, अशी कारणं पुढे येतात आणि चांगल्या माद्या मातीमोल भावानं विकल्या जातात. दहा माद्यांमागे एक असलेला नर शेजारच्या पिंजऱ्यात बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यानंतर पहिला संशय त्याच्यावर घ्यायला हवा.

पहिला गैरसमज या धंद्याच्या मुळाशीच बसलेला आहे. आपल्या माळरानावर, भर उन्हातही ससे दिसतात, मग पाळलेल्या सशाला ऊन का सोसू नये? कारण तो वेगळा प्राणी आहे. माळावरचा भारतीय ससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पिंजऱ्यातला न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला हा युरोपातल्या, मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, कारण ती जमिनीखालच्या गार अंधारात वाढायची असतात. एकाची गुणसूत्रं 48, दुसऱ्याची 44. दोघांचा संकर होत नाही. (माळावरच्या सशाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पकडून पाळणं हा गुन्हा आहे, हेही इथे सांगून ठेवावं.) बिळात राहणाऱ्या प्राण्याला आपण जमिनीवर आणलं, तारेच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि वर पत्रा घातला. ऊन चढलं की बिळात शिरायचं, हा त्याचा मुख्य उपाय आपण काढून घेतला आहे.

दुसरा समज असा की पारा 44-45 वर गेला तरच धोका, आणि धोका म्हणजे मरण. जनावर मेलं नाही म्हणजे निभावलं, असं धरलं जातं. सशाच्या शरीराचं तापमान साधारण 38.5 ते 39.5 अंश असतं. त्याला घाम जवळजवळ येत नाही, धापा टाकून अंग गार करणंही त्याला कुत्र्यासारखं साधत नाही. त्याची सारी भिस्त त्या लांब कानांवर असते. कानांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्तातली उष्णता हवेत जाते. पण हवा शरीराइतकीच तापली की कानांकडून काहीच बाहेर जात नाही, हवा त्याहून तापली तर उलट आत येते. ससा पसरून पडतो, कान ताठ आणि गरम होतात, नाकपुड्या भरभर हलतात. हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट याच्या खूप आधी सुरू झालेली असते. नराला सलग काही दिवस 30 अंशांच्या पुढे ठेवलं की शुक्राणूंची संख्या आणि चाल घटते, विकृत शुक्राणूंचं प्रमाण वाढतं. ओलूफा, बोगार्ट आणि मकेन्झी या संशोधकांनी 1951 सालीच नर सशाच्या प्रजननावर तापमानाचा काय परिणाम होतो ते तपासलं होतं. त्यानंतरच्या कामानं तीच दिशा पक्की केली. म्हणजे नराला मारणारं तापमान आणि त्याला निकामी करणारं तापमान यांत दहा-बारा अंशांचं अंतर आहे, आणि आपला मार्च-एप्रिल नेमका त्या अंतरात बसतो.

वृषण शरीराबाहेर, बिनकेसाच्या पातळ पिशव्यांत लोंबतात ते उगीच नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा काही अंश कमी तापमान लागतं. उन्हानं तिथली पेशींची धावपळ वाढते, प्राणवायूची गरज वाढते, पण रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. या ओढाताणीत तयार होणारे घातक प्राणवायू-रेणू शुक्राणूच्या नाजूक, स्निग्ध पडद्यावर आणि आतल्या गुणसूत्रांवर घाला घालतात. आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गुणसूत्रांना इजा झालेला शुक्राणू पोहू शकतो, बीजांडात शिरूही शकतो. 1968 मध्ये बर्फेनिंग आणि उलबर्ग यांनी सशाचे शुक्राणू काही तास 38 आणि 40 अंशांवर ठेवून त्या शुक्राणूंनी माद्यांचं रेतन केलं. दोन्हीकडे फलन झालं, पण 40 अंशांवर ठेवलेल्या शुक्राणूंपासून झालेले गर्भ जास्त प्रमाणात मेले. त्या माद्यांना ऊन लागलेलं नव्हतं. तेव्हा वेतात दोनच पिल्लं आली की मादी कमी पडली असं म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा. बापाला लागलेली झळ आईच्या पोटात उमटू शकते.

'नर तर चढतो की, मग तो नीट आहे' हा समज इथेच गळून पडतो. चढणं ही इच्छेची खूण आहे, शुक्राणूंची नव्हे. फार उष्म्यात इच्छाही मावळते, पण पहाटे गारव्यात चढलेला नर रिकामा असू शकतो. सशाच्या बाबतीत ही फसवणूक आणखी पक्की होते, कारण मादीचं बीजांड समागमाच्या उत्तेजनेनंतर, साधारण दहा-बारा तासांनी सुटतं. शुक्राणू निकामी असले तरी उत्तेजना खरी असते, म्हणून बीजांडं सुटतात आणि मादी खोट्या गाभणपणात जाते. ती नराला जवळ येऊ देत नाही. पाळणारा खूश होतो: राहिली! मग सतराव्या-अठराव्या दिवसाच्या सुमारास ती छातीचे केस उपटून घरटं करू लागते आणि 31 दिवस उलटले तरी पिल्लू येत नाही. गाभ गेला, मादी खराब, असा निकाल लागतो. नीट पाहिलं तर इतक्या लवकर केस उपटणं हा बहुधा मादीच्या बाजूचा पुरावा आहे: तिची बीजांडं सुटली, तिचं शरीर चाललं. माद्या एकत्र ठेवल्या आणि एकमेकींवर चढल्या तरी असं होऊ शकतं, म्हणून माद्या वेगळ्या ठेवल्या असतील तरच ही खूण नराकडे बोट दाखवते. पण वेगळ्या पिंजऱ्यातल्या चार माद्यांनी एकाच नरानंतर सतराव्या दिवशी केस उपटले, तर आणखी कुणाला विचारायची गरज नाही.

यावर रास्त आक्षेप असा की ऊन मादीलाही लागतं. लागतंच. तिचं खाणं घटतं, दूध आटतं, पहिल्या काही दिवसांतले गर्भ टिकत नाहीत. मादीला निर्दोष ठरवणं हा माझा हेतू नाही. मुद्दा प्रमाणाचा आणि मुदतीचा आहे. एक मादी बिघडली तर एक वेत जातं, एक नर बिघडला तर दहा वेतं जातात. शिवाय हवा गार झाली की मादी खाऊ लागते आणि लवकर सावरते, नराचं तसं नसतं. सशाचा शुक्राणू मूळ पेशीपासून तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात आणि पुढे परिपक्व होत साठवणीच्या नळीतून जायला आठ-दहा दिवस. म्हणजे आज बाहेर पडणाऱ्या शुक्राणूची सुरुवात सुमारे दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. 'मृग बरसला, हवा गार झाली, आता भरवायला घ्या' हा सल्ला म्हणूनच सर्वांत महागात पडतो. जूनच्या मध्यात उकाडा संपला तरी जुलैत वापरला जाणारा माल मे महिन्यातला असतो. नर टवटवीत दिसतो, घास चवीनं खातो, चढतो. आणि माद्या उलटत राहतात. पूर्ण सावरायला ऑगस्टचा मध्य उजाडतो. कारण आणि परिणाम यांत दोन महिन्यांची फट असल्यामुळेच खरा दोषी सापडत नाही.

पाणी मारणं हा सर्वांत आवडता उपाय, आणि तो अर्धाच खरा आहे. इजिप्तमधले संशोधक मराई आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 मध्ये सशांसाठी तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक मांडला. 27.8 च्या खाली ताण नाही, 30 च्या वर अतितीव्र ताण. त्यांच्या सूत्रात 32 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता घातली तर निर्देशांक 27.6 येतो, म्हणजे ससा सीमेच्या आत आहे. तेच 32 अंश, पण आर्द्रता 70 टक्के, तर निर्देशांक 30.4: थेट अतितीव्र. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत बारदान भिजवून वाऱ्याच्या तोंडाला लावलं तर लाभ आहे. तेच जूनमध्ये, बंद शेडमध्ये, फवाऱ्यानं केलं तर आपण स्वतःच निर्देशांक वर ढकलतो. त्यात ओली विष्ठा, मुतातला अमोनिया आणि भिजलेल्या अंगावर बुरशी. अर्थात 40 अंश आणि 20 टक्क्यांना निर्देशांक 33.7 भरतो, म्हणजे कोरडी हवाही मे महिन्यात वाचवत नाही. पाण्याइतकाच वारा हवा, आणि दोन्हींच्या आधी छप्पर.

औषधांबद्दल थोडक्यात. खुराक 'गरम' असल्यानं नर बिघडतो याला आधार नाही. खरी अडचण अशी की दुपारच्या उष्म्यात ससा खातच नाही, म्हणून मुख्य खुराक संध्याकाळनंतर द्यावा. जीवनसत्त्व ई आणि क यांनी ताण काहीसा कमी होतो असे प्रयोग आहेत, पण ते सावलीची जागा घेत नाहीत. नराला 'ताकद' यावी म्हणून टेस्टोस्टेरॉनची सुई टोचणं तर उलटं काम करतं. बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम मंदावतो आणि शुक्राणूंची निर्मिती आणखी घटते. नर चढेल जास्त, देईल कमी.

मग करायचं काय? सगळी शेड गार करणं परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर आकड्यातच आहे: वीस माद्यांमागे नर दोन किंवा तीन. तीन पिंजरे गार ठेवणं कुणालाही जमतं. खर्ड्याच्या पट्ट्यात जुनी माळवदाची घरं अजून उभी आहेत. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. अशी एखादी पडून असलेली खोली नव्या पत्र्याच्या शेडपेक्षा नरांसाठी कितीतरी चांगली. ती नसेल तर पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचा जाड थर, बाहेरून चुना, आणि नरांचे पिंजरे सर्वांत खालच्या रांगेत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. दुपारी पिंजऱ्यात पाणी गोठवलेली बाटली ठेवली की ससा तिला टेकून पडतो. पाण्याची नळी उन्हातून आणू नये; तापलेलं पाणी ससा पीत नाही. भरवायचं ते पहाटे. वेताच्या वहीत मादीबरोबर नराचाही क्रमांक लिहावा, कारण एका नराच्या सगळ्या नोंदी शेजारी आल्याशिवाय त्याचा दोष दिसत नाही. शंका आलीच तर पशुवैद्यकाकडून वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावं. शुक्राणूंची हालचाल आहे की नाही हे काही मिनिटांत कळतं.

'पिढ्या गेल्या की सवय होईल' असंही म्हणतात. निवडीनं काटकपणा वाढतो, पण तो निवड करणाऱ्यालाच मिळतो, नुसती वाट पाहणाऱ्याला नाही. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत अर्धशुष्क, तापलेल्या हवेत मांसाचे ससे पाळले जातात; तिचंच दक्षिणेतलं केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला, थंड डोंगरावर आहे. दोन्हीकडची जनावरं कागदावर एकाच जातीची असू शकतात, पण डोंगरावर वाढलेल्या नराला एप्रिलमध्ये जामखेडच्या पत्र्याखाली आणणं म्हणजे त्याचा पहिला हंगाम वाया घालवणं. पैदाशीचा नर पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर वापरायचा असतो. दिवाळीनंतर आणलेल्या तरुण नराला थंडीचे महिने अंगवळणी पडायला मिळतात. आणि जून-जुलैत नर विकत घ्यायचाच असेल, तर वजन आणि जात विचारण्याआधी एप्रिल-मे त्यानं कुठल्या छपराखाली काढला ते विचारावं, आणि शक्य असेल तर ते छप्पर दुपारी दोन वाजता जाऊन पाहावं.