जुन्या मोटारसायकलीचा बिघडलेला अलार्म

साताऱ्याहून कोरेगांव-रहिमतपूरमार्गें औंधास आलें म्हणजे यमाईचा डोंगर समोर उभा राहतो. त्याच्या चढावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं उघडलेलें संग्रहालय आहे व माथ्यावर देवीचें मूळपीठ. या चढावर मोटारसायकल घालावी, मागें घरचें माणूस बसलेलें असावें, आणि निम्म्यावर इंजिन एकाएकीं गप्प व्हावें, हा प्रसंग जिवावरचा ठरूं शकतो. अशा वेळीं दोष कार्बुरेटरचाच असेल असें नाहीं. गाडी जुनी असून पूर्वींच्या मालकानें तिजवर बाजारांतला अलार्म बसविला असेल, तर पहिला संशय त्याचा घ्यावा.

हा अलार्म म्हणजे सीटखालीं दडविलेली एक लहानशी पेटी. तिला भोंगा, हादरा ओळखणारा एक भाग आणि रिमोट यांची जोड असते. पेटी धुळीनें, पावसानें व इंजिनाच्या कंपानें खराब झाली, म्हणजे शेजारून एस. टी. गेली तरी भोंगा ओरडूं लागतो. औंधच्या संगीत महोत्सवांत तंबोरे जुळत असतां बाहेर उभी असलेली एखादी गाडी असें बेसूर केकाटूं लागली, तर श्रोत्यांस काय वाटेल तें सांगावयास नको! परंतु आवाज हा त्यांतला लहान दोष. अलार्म गाडी उभी असतांनाहि थोडी वीज पीत असतो. त्यानें केवळ १० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तरी २.५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा-अकरा दिवसांत रिकामी होते.

खरा धोका तिसराच आहे. चोरास गाडी चालवितां येऊं नये म्हणून ही पेटी ठिणगीच्या मार्गांत हात घालते, आणि तो हात ती दोन प्रकारें घालते. पॉइंटच्या जुन्या बुलेटमध्यें बॅटरीचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलकडे जातो. बसविणारा कारागीर ही वायर मध्येंच तोडतो व तिचीं दोन्हीं टोकें अलार्मच्या रिलेला जोडतो. रिले सैल झाला कीं इंजिन मेलें. उलट, १९९४ सालीं निघालेल्या हीरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाडींत ठिणगीची वीज मॅग्नेटोपासून मिळते. म्हणून बॅटरी संपली तरी ती किकनें सुरू होते. तेथें किल्ली बंद केली म्हणजे एक वायर सांगाड्यास टेकते व ठिणगी थांबते. अलार्म याच वायरीस आपली वायर जोडतो आणि मनास येईल तेव्हां ती सांगाड्यास टेकवितो.

हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळांची फसगत होते. दुसऱ्या प्रकारांत पेटी उपटून टाकली तरी गाडी चालूं लागते. पहिल्या प्रकारांत मात्र पेटी काढतांच तोडलेलीं टोकें तशींच राहतात व गाडी सुरूच होत नाहीं. मालकास वाटतें, आपण कांहीं तरी मोडलें! वस्तुतः अलार्म काढणें म्हणजे पेटी काढणें नव्हे. गाडीची मूळ वायरिंग होती तशी करणें होय.

कामास आरंभ करतांना किल्ली बंद करून बॅटरीचें ऋण टोक प्रथम सोडावें. म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. कांहीं भोंग्यांत स्वतःची लहान बॅटरी असते. असा भोंगा या क्षणींच किंचाळूं लागतो, त्यानें दचकूं नये. मग सीट व बाजूचीं झाकणें काढून पेटीपासून निघणारी प्रत्येक वायर तिच्या शेवटापर्यंत हातानें चाचपीत जावें. रंगावर विसंबूं नये, कारण बसविणाऱ्यानें हाताशीं आली ती वायर वापरलेली असते. इंडिकेटरच्या वायरींवर नुसत्या गुंडाळलेल्या जोडण्या उलगडून उघडी जागा टेपनें झांकावी. जेथें एकाच रंगाचीं दोन टोकें समोरासमोर येऊन अलार्मच्या वायरींत शिरतात, तेथें मूळ वायर तोडलेली आहे असें समजावें. तीं टोकें परस्परांस जोडून डाख द्यावा व वर नळी चढवावी. नुसता पीळ देऊन टेप लावली तर धुळीच्या वाटेवर ती जोडणी वर्षभरांत ढिली होते. दोन टोकें मूळचीं एकच आहेत अशी खात्री नसेल, तर तीं जोडूं नयेत, वायरिंगच्या कारागिरास दाखवावीं. चुकीच्या जोडणीनें फ्यूज जातो, आणि फ्यूजच्या जागीं कोणीं तार घातलेली असेल तर वायरिंग पेट घेते.

झाकणें लावण्यापूर्वीं बॅटरी जोडून इंजिन सुरू करावें. तें चालूं असतां हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवावें आणि वायरींचा जुडगा हलवून पाहावा. इंजिन अडखळलें नाहीं, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा नीट लागले आणि किल्लीनें इंजिन बंद झालें, म्हणजे जोडण्या बरोबर बसल्या. गाडी नंतर चार दिवस उभी ठेवावी. तरीहि बॅटरी उतरली, तर चौकशी रेक्टिफायरकडे वळवावी.